खोताच्या वाडीतली बाटली

गिरगावात जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावरून आत वळलात की हॉर्नचा आवाज मागे पडतो. गल्ली एवढी अरुंद, की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. ही खोताची वाडी.

बाहेरची माणसं येतात, रंगीत लाकडी घरांपुढे फोटो काढतात, 'अगदी पोर्तुगाल वाटतं हो' म्हणतात आणि जातात. या घरांमधून मराठी ऐकू यायचं, हे त्यांच्या गावीही नसतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच. मुंबई, साष्टी, वसईकडचे ख्रिस्ती. हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे हे कळावं म्हणून.

हा जिना बघा. घराच्या बाहेरून थेट वर जातो, त्यामुळे वरच्या बिऱ्हाडाला खालच्यांच्या घरातून जावं लागत नाही. आजी सांगायची, दुपारी सगळ्या बायका याच पायऱ्यांवर.

आजीचं सासर शेजारच्या चाळीत. तिची मैत्रीण या वाडीतली. दिवाळीला इकडून फराळ जायचा, नाताळात तिकडून कुसवार, म्हणजे त्यांचा नाताळचा फराळ, यायचा. आणि मे महिन्यात बाटली. मिरच्या, धणे, हळद आणि कितीतरी जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून झाले की तो मसाला बिअरच्या गडद बाटल्यांमध्ये ठासून भरायचे. म्हणून बॉटल मसाला. आमच्याकडे तो वालाच्या उसळीत पडायचा. आजोबा माळकरी! पाहुणे आले की आजी ती बाटली डाळीच्या डब्यामागे सारायची.

पुढे इथली मुलं वसईला गेली, कॅनडाला गेली. घरांत भाऊबंदांचे वाटे पडले, काही घरांच्या जागी इमारती आल्या. ज्या अनंताश्रमात मासळीच्या ताटासाठी लोक ताटकळायचे, तोही बंद झाला. एकेकाळी साधारण ६५ घरं होती. आता निम्मीही नाहीत.

आजीची मैत्रीण वसईला लेकाकडे गेली. तिची सून अजून दर मे महिन्यात मसाला पाठवते. प्लॅस्टिकच्या बरणीत. चव तीच आहे. पण आता पाहुणे आले तरी बरणी ओट्यावरच असते.