हापूसचं वर्ष आणि हवामान

नमस्कार मंडळी. दरवर्षी मार्च उजाडला की मला ठाण्या-मुंबईचे फोन सुरू होतात, यंदा पेटी केवढ्याला, एवढी महाग का, आंबा कमी आहे म्हणताय तर मग पाऊस तर चांगला झाला होता ना? हा शेवटचा प्रश्न फार जणांचा असतो आणि आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे, कारण कोकणात पाऊस किती पडला याला आंब्याच्या बाबतीत फारसा अर्थच नाही. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतोच. तो थांबतो कधी, हे बघायचं असतं.

झाडाकडून बघा. पावसाळ्यानंतर पालवी येते, ती जून, म्हणजे पक्की, व्हावी लागते, त्यासाठी जमीन सुकायला पाहिजे, झाडाला थोडा ताण बसायला पाहिजे. म्हणून ऑक्टोबरचं ते घामट ऊन, जे तुम्हाला लोकलमध्ये नको नको होतं, ते आम्हाला हवं असतं. त्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार पडल्या की त्याच जून काडीवर मोहोर फुटतो. आता हवामान खात्यानेच २०२० मध्ये परतीच्या पावसाच्या तारखा बदलल्या, मुंबईची आधी २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर केली, म्हणजे पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो हे कागदावरसुद्धा आलं. त्यात नोव्हेंबरात अवकाळी झाला की झाड मोहोर सोडून परत पालवी काढतं. मग पहिला मोहोर गेला, आणि पहिला मोहोर म्हणजे मार्च-एप्रिलचा आंबा, ज्याला भाव असतो. आमच्या शेजारचे एक आजोबा डिसेंबरात बागेत फिरून आले की एकच वाक्य बोलतात, "औंदा थंडीच पडाक नाय, मग मोहर खयसून येतलो?"

पण थंडी पडली म्हणजे काम झालं असंही नाही हो. हे जरा नीट सांगतो कारण बाहेरच्या माणसाला हे पटतच नाही. मोहोरात दोन प्रकारची फुलं असतात, नर आणि संयुक्त, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेली, फळ फक्त संयुक्त फुलाला धरतं. थंडी जास्त लांबली की नर फुलांचं प्रमाण वाढतं, झाड पांढरंशुभ्र दिसतं, फोटो काढावा इतकं सुंदर, आणि फळ नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे पुनर्मोहोर. जानेवारीत तुम्ही फांदी हातात धरून बघितलीत तर आधीच्या मोहोराला वाटाण्याएवढी कैरी लागलेली असते, काही सुपारीएवढी झालेली, आणि थंडी पुन्हा वाढली की त्याच फांदीवर नवीन मोहोर बाहेर पडतो. झाड अन्न त्या नवीन मोहोराकडे वळवतं आणि लागलेली कैरी देठातून पिवळी पडून गळते. सकाळी बागेत गेलं की खाली सडा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची यावर जिब्रेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाच्या फवारणीची शिफारस आहे, ५० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत पन्नास, उपयोग होतो, पण वेळ साधावी लागते आणि बागेतली सगळी झाडं एकाच वेळी मोहोरत नाहीत ना.

मधेच ढगाळ हवा आली की तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे), भुरी (पांढरी बुरशी), मग फवारण्या वाढतात, प्रत्येक फवारणीला औषध, मजूर, पंपाचं पेट्रोल. पेटीच्या भावात हे सगळं असतं.

मग येतं ऊन. २०२३ चा फेब्रुवारी आठवतोय? १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात तापलेला फेब्रुवारी होता तो, सरासरी कमाल तापमानाच्या हिशोबात. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ ला, मार्चने तसाच रेकॉर्ड केला होता. आमच्या बागा कातळावर, जांभा दगड तापला की खालून वाफ आणि वरून ऊन. फळ एका बाजूने भाजतं, डाग पडतो, कोवळी कैरी गळते. आणि साका, तुम्ही आंबा कापता आणि आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो तो, त्यालाही जमिनीतून येणारी ही उष्णता हे एक मोठं कारण मानलं जातं. म्हणून झाडाखाली गवत-पातेरा अंथरतात, आंबा चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा, तयार झाला की काढतात, आणि तोडणी सकाळी लवकर, काढलेला आंबा उन्हात ठेवायचा नाही.

शेवटचा फटका मे महिन्यात. २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ १६ मेच्या सुमारास किनाऱ्याजवळून गेलं आणि झाडावरचा उरलेला माल खाली आला. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड, दापोली, मंडणगडला तर झाडंच उन्मळली, कलम लावून चांगलं उत्पन्न यायला दहा-बारा वर्षं जातात, ते नुकसान एका सीझनचं नसतं. आणि २०२५ ला मान्सून २५ मेलाच देवगडात दाखल. उशिराच्या मोहोराचा आंबा तेव्हा झाडावरच होता.

मला राग येतो तो विम्याच्या मोजमापाचा. हवामान आधारित फळपीक विमा आहे, चांगली कल्पना आहे, पण भरपाई ठरते महसूल मंडळातल्या एका हवामान केंद्राच्या आकड्यावर. कोकणात खाडीकाठची बाग, कातळावरची बाग आणि दरीतली बाग यांच्यात रात्रीच्या तापमानाचा केवढा फरक असतो! केंद्र वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि माझी बाग खाली, तर माझ्या बागेत काय झालं ते त्या यंत्राला कळणार कसं? गावागावात केंद्र पाहिजे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलणार.

आणि तुमच्यासाठी एक, पाडव्याला पेटी पाहिजेच हा हट्ट जरा कमी करा. उशिरा मोहोरलेल्या वर्षी खरा माल एप्रिलअखेर ते मेच्या मध्यावर येतो. पेटी बुक करताना बागायतदाराला सरळ विचारा, मोहोर कधी आला होता? तो सांगेल, आवडीने सांगेल, आणि आंबा कधी घ्यायचा तेही.