ऐकणारं कोण आहे?

नमस्कार श्रोतेहो.

नाटक करणारी मंडळी भेटली की एक मागणी हमखास होते. "काहीतरी नवं सुचवा ना. छोटं हवं. दोन-तीन पात्रांत बसेल असं, नाहीतर एकटीलाच करता येईल असं." मी लगेच काही सुचवत नाही. आधी विचारते, करणार कोण आहे? बावीस वर्षांच्या मुलीच्या तोंडी जे शोभेल ते साठीतल्या गृहस्थांना शोभेलच असं नाही. शिवाय माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच नव्या संहिता अजून छापल्याही गेलेल्या नसतात. म्हणून आज, नवी संहिता हातात आली की मी ती कशी वाचते ते सांगते. मग निवड तुमची तुम्हालाच करता येईल.

स्वगतापासून सुरुवात करू. रंगमंचावर एकच माणूस बोलतोय, पण तो कुणाशी बोलतोय? मी पहिल्या पानावर हेच शोधते. आणि ऐकणारं कुणी सापडलं नाही, तर पुढची पानं कितीही सुंदर असोत, मला काळजी वाटू लागते.

काही जुने दाखले देते. फ्रेंच लेखक झाँ कॉक्तोचं 'ह्यूमन व्हॉइस' हे नाटक १९३० साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं. त्यात एक बाई आणि एक टेलिफोन. तिला सोडून चाललेला प्रियकर पलीकडे आहे, त्याचा एकही शब्द आपल्या कानावर पडत नाही. तरी ती कुठे थांबते, कुठे घाईघाईनं "नाही, नाही, मी ठीक आहे" असं काही म्हणते, त्यावरून तो काय बोलला असेल ते आपल्याला कळत जातं. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गनं तर १८८९ मध्ये 'द स्ट्राँगर' या नाटकात ऐकणारीला समोरच बसवलं. दोन अभिनेत्री, एक सलग बोलते, दुसरी शेवटपर्यंत चकार शब्द काढत नाही. ही गप्प बसणारी भूमिका सोपी समजू नका. तिच्या एका नजरेनं बोलणारीचं वाक्य फिरतं. आणि रशियन लेखक चेखवचा तो व्याख्याता! तंबाखूच्या दुष्परिणामांवर भाषण द्यायला उभा राहतो आणि स्वतःच्या संसाराचं दुःख सांगत सुटतो. त्याचे श्रोते म्हणजे आपणच, प्रेक्षागृहातले. चेखवनं हा छोटासा तुकडा १८८६ मध्ये लिहिला आणि १९०२ पर्यंत तो पुन्हा पुन्हा बदलत राहिला. इतक्या छोट्या लेखनाला इतकी वर्षं, हे नव्या लेखकांना मी आवर्जून सांगते.

नवी स्वगतं बहुतेक वेळा फसतात ती आठवणींपाशी. माणूस खुर्चीत बसतो आणि लहानपणापासून सगळं सांगत येतो. लेखन सच्चं असतं, वाचताना डोळ्यांत पाणीही येतं, पण रंगमंचावर ते पाच मिनिटांत जड होतं. कारण त्या माणसाला आज, या क्षणी काहीच नको असतं. मी एक साधी गोष्ट करते. पहिलं आणि शेवटचं पान शेजारी शेजारी ठेवते. माणूस जिथे होता तिथेच असेल, तर मधल्या पानांत नुसती माहिती आहे असं समजायचं. आयरिश नाटककार बेकेटनं १९५८ मध्ये 'क्रॅप्स लास्ट टेप' या नाटकात आठवणीच घेतल्या, पण म्हाताऱ्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवला. तो तीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा आवाज ऐकतो, चिडतो, टेप पुढे पळवतो. आठवण तिथे समोर उभी राहून त्याच्याशी भांडते.

एकपात्रीमध्ये एकच नट अनेक पात्रं उभी करतो, त्याचं गणित वेगळं. तिथे प्रत्येक पात्राच्या बोलीत फरक लिहिलेलाच असला पाहिजे. तो नुसत्या आवाज बदलण्यावर सोडला असेल, तर ती संहिता मी बाजूला ठेवते.

आता छोट्या नाटकांविषयी थोडं. दहा-पंधरा मिनिटांच्या नाटकात पाच ब्लॅकआउट असले की मी सावध होते. प्रत्येक काळोखात प्रेक्षक बाहेर जातो आणि त्याला परत आणावं लागतं. एकच जागा, एकच सलग वेळ, आणि पडदा उघडतो तेव्हा भांडण आधीच सुरू झालेलं, अशी संहिता मिळाली तर ती सोडू नका.

आणि मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचून नाटक निवडू नका, ही माझी विनंती आहे. घड्याळ लावून वाचा. आठ-नऊशे शब्दांचं स्वगत थांबे घेत बोललं की सहज आठ मिनिटं होतात. श्वास कुठे घेता येतो, कुठलं वाक्य जिभेवर अडखळतं, हे कागद सांगत नाही.

पण मुळात नवंच का? गाजलेलं काहीतरी का नको? एक अनुभव सांगते. एका नव्या स्वगताच्या तालमीत आमच्या अभिनेत्रीला शेवटचा परिच्छेद काही केल्या बोलता येईना. रोज तिथे येऊन ती थांबायची. आम्ही लेखिकेला फोन केला. ती तालमीला आली, मागच्या रांगेत बसून दोनदा सगळं पाहिलं, आणि म्हणाली, "ती हातातली किल्ली खाली ठेवते ना, तिथेच संपलंय." मग पेन्सिल घेऊन तिनं पुढच्या अकरा ओळी खोडल्या. पहिल्या प्रयोगात किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. नव्या संहितेबरोबर लेखकही तालमीला येऊ शकतो, म्हणून मी नव्याचा इतका आग्रह धरते.

फक्त एक करा. संहिता आवडली की तालीम सुरू करण्याआधी लेखकाची लेखी परवानगी घ्या, मानधनाचं स्पष्ट बोला, जाहिरातीत त्याचं नाव ठसठशीत घाला. एकही शब्द बदलायचा असेल तर त्याला विचारा. आठ मिनिटांचं नाटक लिहायलाही महिने गेलेले असतात.

पुढच्या बैठकीला दोन-तीन नव्या संहिता घेऊन बसा आणि आळीपाळीनं वाचा. वाचणाऱ्याकडे पाहू नका, ऐकणाऱ्यांकडे पाहा. कोण पुढे सरकून बसलं ते लक्षात ठेवा, आणि कुठल्या ओळीला, तेही.

नमस्कार.