रूळ जुळले, आता सिग्नल जुळायला हवेत

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, १८६७ साली जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली ती ब्रॉडगेजवरून. पुढे छत्तीसगडकडे जाणारा मार्ग १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला टाकला गेला, तो मात्र अरुंद अशा मीटरगेजचा. म्हणजे राजनांदगावकडून आलेलं धान्य इथे एका वाघिणीतून उतरवायचं आणि दुसरीत भरायचं. बंगाल नागपूर रेल्वेने तो मार्ग घेतला, १८८८ मध्ये ब्रॉडगेज केला, तेव्हा ही हमाली संपली. दोन कंपन्यांचे रूळ एका गावात मिळूनही गाडी पुढे जात नाही, हे या शहराने फार लवकर पाहिलं आहे.

युरोपात आज बहुतेक ठिकाणी रुळांची रुंदी एकच आहे, १४३५ मिलिमीटर. तरी कित्येक वर्षं सरहद्द आली की इंजिन बदलायचं. विजेचा दाब वेगळा हे एक कारण. त्यावर चार प्रकारच्या विजेवर चालणारी इंजिनं निघाली आणि तो प्रश्न बराचसा सुटला. सुटला नाही तो सिग्नलचा. लोको पायलटने लाल सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा प्रत्येक देशाने आपापली केली. जर्मनीची पीझेडबी, फ्रान्सची केव्हीबी, नेदरलँड्सची एटीबी, स्पेनची आस्फा. अशा वीसहून जास्त. पॅरिसहून ब्रुसेल्समार्गे कोलोन आणि ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या तेव्हाच्या थालिस गाड्यांना या देशांच्या वेगवेगळ्या यंत्रणा एकाच गाडीत बसवाव्या लागल्या. प्रत्येकीचा अँटेना वेगळा, संगणक वेगळा, प्रमाणपत्र वेगळं. गाडी महाग होतेच, शिवाय बिघडायच्या जागाही तितक्याच वाढतात.

यावर उपाय म्हणून ईटीसीएस (युरोपियन ट्रेन कंट्रोल सिस्टिम) ही सामाईक यंत्रणा आली. काम १९८९च्या सुमारास सुरू झालं आणि १९९६ मध्ये युरोपीय संघाने अतिजलद मार्गांसाठी सामाईक मानकांचा कायदा केला. ईटीसीएसचा सगळ्यात साधा भाग मला फार आवडतो. दोन रुळांच्या मध्ये स्लीपरवर एक पिवळी चपटी पेटी बसवलेली असते, तिला युरोबलीज म्हणतात. नुसती निश्चित माहिती सांगणाऱ्या पेटीला बॅटरी नाही, तार नाही. इंजिनाच्या पोटाखालचा अँटेना वरून जाताना तिला वीज देतो, आणि तेवढ्या क्षणात ती जास्तीत जास्त १०२३ बिटांचा संदेश वर पाठवते: मी अमुक जागी आहे, पुढे उतार इतका, वेगमर्यादा इतकी. चाकांच्या फेऱ्या मोजून इंजिनाने काढलेलं अंतर घसरणीमुळे चुकत जातं, ते प्रत्येक पेटीवर दुरुस्त होतं. या यंत्रणेच्या पातळ्या आहेत; त्यातल्या दुसऱ्या, महागड्या पातळीवर रेडिओने परवानगी येते, कुठपर्यंत जायचं ती. पायलटसमोरच्या गोल तबकडीवर चालू वेग आणि परवानगीचा वेग शेजारी शेजारी दिसतात. पायलटने ब्रेक लावला नाही तर संगणक लावतो. गाडी रोमहून नेपल्सला जात असो की गॉटहार्डच्या बोगद्यातून, तबकडी तीच.

आता या सगळ्याची निकड का, ते सांगतो. १५ फेब्रुवारी २०१० रोजी बेल्जियममध्ये बुइझिंगेनजवळ दोन प्रवासी गाड्यांची टक्कर झाली. १९ माणसं गेली. लाल सिग्नल ओलांडला गेला होता. त्या सिग्नलपाशी आपोआप थांबवणारं उपकरण रुळात होतं, गाडीवर नव्हतं. अर्धं काम झालेलं होतं आणि त्या अर्ध्याने एकही माणूस वाचला नाही. त्यानंतर बेल्जियमने अख्ख्या देशात ईटीसीएस बसवायचं ठरवलं. त्याच देशात २००१ मध्ये पेक्रो इथे एक गाडी चुकीच्या रुळावर निघाली. एका सिग्नल केबिनमधून दुसऱ्या केबिनला फोन गेला, पण एक फ्रेंच बोलत होता, दुसरा डच. इशारा पोचलाच नाही, आठ जीव गेले. ज्या विभागात तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी बोलणारी माणसं एकाच गाडीची जबाबदारी एकमेकांवर सोपवतात, तिथल्या लोकांना हे सांगताना माझा आवाज जड होतो.

मग युरोपात ती यंत्रणा सगळीकडे का झाली नाही? पैसा हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. नेदरलँड्सने रॉटरडॅम बंदरापासून जर्मनीच्या सरहद्दीपर्यंत नवा मालमार्ग बांधला, २००७ मध्ये सुरू केला, त्यावर ईटीसीएस दिली. सरहद्दीपलीकडे जर्मनीत तेव्हा जुनीच यंत्रणा होती. म्हणजे मालगाडीच्या इंजिनावर दोन्ही ठेवणं आलं. ज्याने नवं केलं त्याचाही खर्च वाचला नाही. त्यात मानकाच्या आवृत्त्या बदलत गेल्या. एका आवृत्तीचं इंजिन दुसऱ्या आवृत्तीच्या मार्गावर चालेलच याची खात्री नाही, आणि प्रत्येक देशाने आपले ब्रेकचे आणि कामकाजाचे नियम वर चिकटवले. कागदावर एक असलेली यंत्रणा जमिनीवर अनेक झाली. स्वित्झर्लंड मला इथे शहाणं वाटतं. सगळीकडे ती महागडी दुसरी पातळी न आणता त्यांनी जुने रुळातले चुंबक काढून सर्वत्र युरोबलीज बसवल्या, सिग्नलचे खांब तसेच ठेवले. सुरक्षा थोडी कमी मिळाली, पण सगळीकडे एकसारखी मिळाली.

लाल सिग्नल ओलांडणारी गाडी आपोआप थांबवणारी आपल्या रेल्वेची यंत्रणा म्हणजे कवच, तेही याच कुळातलं. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेने मानक केलं, २०२० मध्ये ते राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलं गेलं. स्लीपरवर रेडिओने वाचता येणारे आरएफआयडी टॅग, स्टेशनशी रेडिओ, इंजिनात संगणक. उपकरणं एकाहून जास्त कंपन्या करतात, म्हणून एकीचं इंजिनातलं उपकरण दुसरीच्या स्टेशनाशी बिनचूक बोललं पाहिजे. दक्षिण मध्य रेल्वेवर पहिले १४६५ किलोमीटर झाले ते जुन्या आवृत्तीवर, ४.० ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली. युरोप ज्या वळणावर अडखळला, तिथे आपण आता उभे आहोत.

आपला फायदा हा की मालक एकच आहे. पण एक मालक म्हणजे एक पद्धत नव्हे. गाड्या चालवण्याचे आपले जनरल रूल्स देशभर सारखे, त्यांना जोडलेले सबसिडिअरी रूल्स, म्हणजे पूरक नियम, प्रत्येक झोनचे आपापले. या एका शहरात मध्य रेल्वेचंही नागपूर मंडळ आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचंही. अजनी शेडमधलं इंजिन दोन्हीकडे जातं आणि त्याही पलीकडे जातं. म्हणून माझा आग्रह असा: कवचाच्या मानकात झोनपुरता फरक करायचा अधिकार कुणालाही नसावा. नवी आवृत्ती आली की जुन्या आवृत्तीचं इंजिन नव्या मार्गावर चालवून दाखवल्याशिवाय तिला मंजुरी नसावी. आणि इंजिनांवर आधी बसवा, निदान मार्गाबरोबरीने बसवा. बुइझिंगेनची गाडी विसरू नका.

सरहद्दीपलीकडचं बोलायची वेळही हीच आहे. जयनगरहून नेपाळच्या जनकपूरकडे जाणाऱ्या ब्रॉडगेज मार्गावर एप्रिल २०२२ पासून प्रवासी गाडी धावू लागली. पश्चिम बांगलादेशातही ब्रॉडगेजच आहे. नेपाळचं जाळं आज एवढं लहान आहे की पहिल्यापासून कवच घातलं तर काढून टाकायला जुनं फारसं काही नाही. मात्र तयार उपकरण त्यांच्या हाती ठेवून भागणार नाही. मानक बदलायची बैठक बसेल तेव्हा काठमांडू आणि ढाक्याच्या सिग्नल अभियंत्यांना तिथे मत असलं पाहिजे. मार्ग पुरा झाल्यावर बोलावलं, तर इंजिनावर आणखी एक यंत्रणा लटकवण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरणार नाही, आणि तिचा खर्च आपल्याही गाड्यांवर पडेल.