कोळशाचे दोन विस्तव

(दृश्य : अंधार. फक्त निखारे.)

लाकडाचा जाळ लांबून दिसतो. कोळशाचा विस्तव आधी नाकाला कळतो. ज्वाळा नसते, धूर फारसा नसतो. लाल निखारे आणि त्यांच्यावर राखेचा पातळ पापुद्रा. जवळ उभं राहिलं की तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, असा विस्तव दोनदा पेटतो. मूळ ग्रीकमधला शब्द आहे 'आन्थ्राकिया'. सबंध नव्या करारात तो दोनच जागी येतो, अठराव्या अध्यायात एकदा आणि एकविसाव्यात एकदा. दोन्ही विस्तवांपाशी एकच माणूस उभा आहे. गालीलचा कोळी, येशूचा शिष्य शिमोन पेत्र.

(दृश्य : यरुशलेम. सियोन डोंगराचा पूर्वेकडचा उतार, रात्र.)

यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. यहुद्यांचा वल्हांडण सण वसंतात येतो, तरी इथली रात्र गारठ्याची. येशूला पकडून प्रमुख याजकाच्या वाड्यात आणलं होतं. तिथल्या अंगणात नोकर आणि शिपाई विस्तव करून शेकत उभे होते, आणि थंडी होती, हे योहान आवर्जून लिहितो. पेत्रही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. या उतारावर आज एक चर्च आहे. त्याच्या नावातच कोंबड्याचं आरवणं आहे. प्रमुख याजक कयफा याचा वाडा इथंच होता, असं परंपरा सांगते. शेजारून झिजलेल्या दगडी पायऱ्या खाली किद्रोनच्या खोऱ्याकडे उतरतात.

काही तासांपूर्वीच, भोजनाच्या वेळी, पेत्राने शब्द दिला होता, "मी आपणासाठी माझा प्राण देईन." बाकी सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असंही तो म्हणाला होता. आणि तो खोटं बोलत नव्हता. आपण पेत्राला फार सहज भित्रा ठरवून मोकळे होतो. पण गेथशेमाने बागेत हत्यारं घेतलेली माणसं येशूला धरायला आली, तेव्हा तलवार उपसणारा तोच होता. मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान त्याने छाटला. लढता लढता मरायची त्याची तयारी होती.

मग अंगणात काय झालं? दार राखणाऱ्या एका मुलीने विचारलं, "तूही त्या माणसाच्या शिष्यांपैकी ना?" समोर तलवार नाही, जमाव नाही. एक साधा प्रश्न. "मी नाही," पेत्र म्हणाला. विस्तवापाशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारणारा तर मल्खाचाच नातलग होता. "मी तुला बागेत त्याच्याबरोबर पाहिलं ना?" गालीलकरांची बोली वेगळी, पेत्राने तोंड उघडलं की ओळख पटत होती. मार्क लिहितो की तो शापोच्चार करू लागला, शपथा घेऊ लागला. त्या माणसाला मी ओळखत नाही, म्हणाला. तीन वर्षं ज्याच्या मागे फिरला, त्याचं नावसुद्धा तोंडावर आलं नाही. 'तो माणूस.'

पाप बहुतेक वेळा असंच येतं. आपण वेशीवर पहारा ठेवतो, आणि ते मागच्या दाराने येऊन आपल्या शेजारी हात शेकत उभं राहतं.

कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशूने पेत्राला सांगितलं होतं. आता कोंबडा आरवला. त्या क्षणी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं, असं लूक सांगतो. त्या नजरेला तो एकही विशेषण लावत नाही. पेत्र बाहेर गेला आणि फार रडला.

(दृश्य : पहाटेचा फिकट उजेड. पायऱ्या रिकाम्या.)

दुसऱ्या दिवशी येशूला वधस्तंभावर खिळलं. तिथे काही स्त्रिया होत्या, त्याची आई होती, प्रभूची ज्याच्यावर प्रीती होती तो शिष्य होता. पेत्र तिथे होता, असं एकही शुभवर्तमान म्हणत नाही. ज्याच्यासाठी प्राण देईन असा शब्द दिला, त्यानेच पेत्रासाठी प्राण दिला, आणि पेत्र तेव्हा कुठे होता हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल याचं एक वाक्य आहे : आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. 'असतानाच'. या शब्दावर मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. सुधारल्यावर नाही, माफी मागितल्यावर नाही, रडून झाल्यावरही नाही. पेत्राचे शाप अजून हवेत होते तेव्हा.

(दृश्य : गालीलचा समुद्र. धुकं, पाण्यावर एकच होडी.)

नाव समुद्राचं असलं तरी हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून दोनशेहून अधिक मीटर खाली. १९८६ साली दुष्काळाने पाणी हटलं, तेव्हा दोन कोळी भावांना काठच्या चिखलात एक जुनी होडी सापडली. लांबी सुमारे ८ मीटर, काळ साधारण येशूच्याच वेळचा. ती पेत्राची होती असं म्हणायला काही आधार नाही. पण तिच्या तळाच्या फळ्या, जागोजाग लावलेली ठिगळं पाहिली की त्या लोकांचं जगणं हाताला लागतं. लाकूड टाकून द्यायची चैन नव्हती. मोडलं की सांधायचं.

येशू मेलेल्यांतून उठला, त्या पुनरुत्थानानंतरची ही एक पहाट. पेत्र पुन्हा मासे धरायला आला आहे. रात्रभर काहीच मिळालेलं नाही. काठावरून कुणीतरी हाक मारतं, होडीच्या उजवीकडे जाळं टाका. जाळं इतकं भरतं की ओढवेना. "हा प्रभू आहे," शेजारचा शिष्य म्हणतो, आणि पेत्र अंगरखा कमरेला कसून पाण्यात उडी टाकतो. होडी काठाला लागेपर्यंतही त्याला धीर नाही.

आणि काठावर काय आहे? कोळशाचा विस्तव. त्यावर मासळी. बाजूला भाकर.

हा विस्तव येशूने स्वतः पेटवलेला आहे. पेत्राच्या नाकात तो वास गेला असेल तेव्हा त्याला काय आठवलं असेल, हे योहान लिहीत नाही. पण तोच शब्द त्याने पुन्हा वापरला, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्या वासात पेत्राने तीनदा नाकारलं, त्याच वासात प्रभू त्याला बोलावतो.

पुढची गोष्ट वाचताना घाईत सुटून जाते. येशू म्हणतो, "या, न्याहारी करा." भाकर घेऊन त्यांना देतो, तशीच मासळीही. पेत्राला काही विचारतो ते जेवण झाल्यावर. पेत्राने अजून तोंडातून क्षमेचा शब्द काढलेला नाही, कबुली दिलेली नाही, आणि तरी त्याच्या हातावर भाकर आहे. भाकर देणाऱ्या हातावर खिळ्यांचे व्रण आहेत. तो घास त्याने कसा गिळला असेल?

मग प्रश्न येतो. "योहानाच्या पुत्रा शिमोना, ह्यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय?"

'ह्यांच्यापेक्षा'. पेत्राची जुनी बढाई इथे हलकेच बाहेर काढली जाते. बाकी सगळे अडखळले तरी मी नाही, हे कोण म्हणालं होतं? पेत्र उत्तर देतो, "होय प्रभू, मी आपणावर प्रेम करतो हे आपणाला ठाऊक आहे." 'अधिक' हा शब्द त्याने गाळला. तुलना संपली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी प्रभूही तो शब्द काढत नाही. पहिल्या दोन प्रश्नांत प्रीतीसाठी एक ग्रीक शब्द आहे आणि पेत्राच्या उत्तरांत दुसरा, यावर अभ्यासकांत पुष्कळ चर्चा आहे. मला मात्र तो गळलेला 'अधिक' जास्त बोलका वाटतो.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पेत्र दुःखी झाला. होणारच. तीन नकारांवर तीन प्रश्न. जखम जिथे होती तिथेच बोट ठेवलं होतं. झालं ते झालं, विसर आता, असं येशू म्हणाला असता तर पेत्राला सुटल्यासारखं वाटलं असतं, पण ते अंगण त्याच्या आत तसंच राहिलं असतं. आणि प्रत्येक उत्तरानंतर प्रभूने त्याच्याकडे काम सोपवलं. माझी कोकरे चार. माझी मेंढरे पाळ. माझी मेंढरे चार. पडलेल्या माणसाच्या हाती कळप.

(दृश्य : काळ्या दगडाचं छोटं चर्च, पाण्याला लागून. आत एक ओबडधोबड खडक.)

गालीलच्या काठी ताबगा इथलं हे चर्च १९३३ साली फ्रान्सिस्कन संन्याशांनी बांधलं. ती न्याहारी इथंच झाली असं परंपरा मानते, आणि आतल्या खडकाला 'ख्रिस्ताचं मेज' म्हणतात. येणारे लोक त्यावर हात ठेवतात आणि बराच वेळ उचलत नाहीत.

त्या सकाळनंतर पेत्र कधीच चुकला नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. पण नवा करार तसं सांगत नाही. पुढे अंत्युखिया शहरात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही लोक आले आणि त्यांच्या भीतीने तो वेगळा बसू लागला. पुन्हा तीच भीती, चार लोक काय म्हणतील. पौलाने त्याला तोंडावर बोल लावला. पापावर जय म्हणजे पुन्हा कधी पाय न घसरणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय पेत्रासाठी तरी वाचावा. फरक एवढाच दिसतो की आता घसरलेला पेत्र पळून गेला नाही.

त्याच्या नावाच्या पहिल्या पत्रात एक ओळ आहे. ख्रिस्ताने आपली पापे स्वतःच्या देहात वाहून खांबावर नेली, असं ती सांगते. आणि मंडळीच्या वडिलांना तिथे विनंती आहे, तुमच्यातला देवाचा कळप पाळा. त्या काठावरचेच शब्द.

(दृश्य : पुन्हा सरोवराचा काठ. निखारे राखेखाली.)

विस्तवापाशी येशूने त्याला आणखी एक सांगितलं. तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिथे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, आणि दुसरा कुणी तुझी कंबर बांधून तुला नको तिथे नेईल. पेत्र कोणत्या मरणाने देवाचा गौरव करणार हे त्याने सुचवलं, असं योहान लिहितो. रोमन सम्राट नीरोच्या काळात, रोममध्ये, पेत्राला वधस्तंभावर मारलं, अशी प्राचीन मंडळीची परंपरा आहे.

"आपणासाठी माझा प्राण देईन." त्या रात्री पेत्राचा हा शब्द कोंबडा आरवेपर्यंतही टिकला नव्हता. इथे, काठावर, प्रभूने तोच शब्द उचलून त्याच्या हाती परत दिला.

मग तो म्हणाला, "माझ्यामागे ये." थोड्याच वेळापूर्वी पाण्यात उडी टाकताना कसलेला अंगरखा अजून वाळलाही नसेल. पेत्र तसाच उठला.