‘समजलं का?’च्या ऐवजी

नमस्कार. ऑनलाइन तासाला आपल्या तोंडून हमखास निघणारा प्रश्न म्हणजे “समजलं का?” दोन-चार मुलं “हो सर”, “हो मॅडम” म्हणतात आणि आपण पुढे सरकतो. वर्गात निदान चेहरे वाचता येतात. इथे कॅमेरे बंद, माइक बंद, आणि ज्याला समजलेलं नाही तो बोलतच नाही. म्हणून समजल्याशिवाय ज्याचं उत्तर देताच येणार नाही, असा प्रश्न विचारा.

सातवीला (अ + ब)² चा विस्तार शिकवलात, तर म्हणा, “या सूत्राने 102 चा वर्ग काढा.” 10404 आलं, उत्तम. 10004 आलं, तर मुलाने मधलं 2अब सोडलंय. गळालेले 400 तुमच्यासमोरच आहेत, तेवढंच पुन्हा शिकवा. उत्तर चॅटवर मागताना आधी बजावा: “लिहून ठेवा, पाठवू नका. मी ‘पाठवा’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवा.” नाहीतर पहिलं उत्तर दिसताच बाकीचे तेच उतरवतात आणि आपल्याला वाटतं, सगळा वर्ग तयार झाला.

आता थांबण्याबद्दल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि त्यांत कारणंही येतात. हे प्रत्यक्ष वर्गाचं झालं. ऑनलाइन तासाला आवाज पोचायला वेळ लागतो, मग मूल माइकचं बटण शोधतं, घरातला आवाज कमी करायला सांगतं. मनात दहा आकडे मोजा. आणि थांबताय हे बोलून दाखवा: “दहा सेकंद विचार करा, मी गप्प आहे.” एरवी ती शांतता मुलांना नेटवर्क गेल्यासारखी वाटते आणि “सर, आवाज येत नाहीये” सुरू होतं.

नावाचा क्रमही इथे उलटा हवा. वर्गात आधी प्रश्न, मग नाव. म्हणजे सगळे विचार करतात. ऑनलाइन मात्र “आधी सानिका, मग रेहान” असं अगोदरच सांगा, प्रश्न नंतर. माइक सुरू करायला त्यांना वेळ मिळतो आणि अचानक पकडल्याची भीती राहत नाही. कॅमेऱ्याची सक्ती मला मान्य नाही. एका खोलीच्या घरात, मोजक्या डेटावर ती मुलावर अन्याय करते. सुरुवातीला ज्यांना जमेल त्यांनी नमस्कारापुरता सुरू करावा, पुरे.

स्क्रीन दाखवताना “हे इथे बघा” म्हणू नका. लहान फोनवर तुमचा बाण दिसत नाही. “उजवीकडची आकृती, वरून दुसरी ओळ” असं म्हणा.

तासानंतरचा गोंधळ बहुतेक व्हॉट्सअॅपवर होतो. सूचनांचा ग्रुप फक्त अॅडमिन लिहू शकतील असा ठेवा, शंकांचा वेगळा. “उद्यापर्यंत गणित पूर्ण करा” हा संदेश रात्री अकराला वाचणाऱ्याला कुठला ‘उद्या’ कळेल? असं लिहा: “गणित. पान 34, उदा. 2 आणि 3. गुरुवार, संध्याकाळी 6 पर्यंत. वहीच्या पानाचा फोटो मला वैयक्तिक पाठवा.” एका संदेशात एकच काम. फोटोबद्दलही सांगून ठेवा: पेनने लिहायचं, वर नाव, एका फोटोत एकच पान, उजेडात, फोन पानाच्या बरोबर वर धरून. पेन्सिलचं लिखाण फोटोत पुसट येतं. अक्षर वाचता येत नसेल, तर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

चूक दाखवताना नुसतं “पुन्हा कर” लिहिलंत तर मुलाला रागावल्यासारखं वाटतं आणि काय पुन्हा करायचं तेही कळत नाही. एक मिनिटाच्या आतली व्हॉइस नोट पाठवा, तीही त्याच्या एकट्याच्या नंबरवर: “पहिल्या तीन ओळी बरोबर. चौथ्या ओळीत वजाचं चिन्ह बघ, तेवढंच सुधारून पाठव.”

तुमची उत्तर द्यायची वेळही जाहीर करा, समजा रोज सात ते आठ. आणि प्रत्येक तासाच्या सुरुवातीला एक वाक्य न विसरता सांगा: “माझा आवाज पाच मिनिटं आला नाही, तर पान 34 वरची उदाहरणं सोडवायला लागा, पुढचं मी सूचनांच्या ग्रुपवर कळवेन.”