आजचा शब्द : झिगझॅग

श्रोतेहो, नमस्कार. आजचा इंग्रजी शब्द आहे झिगझॅग. पुन्हा सांगते, झिगझॅग. आधी उच्चार. इकाराआधी आपल्या तोंडून 'झिम्मा'तला झ येतो. इथं हवा 'झरा'तला झ, आणि तोही दोन्ही ठिकाणी. झरा म्हणून बघा, आणि तोच झ घेऊन म्हणा, झिगझॅग.

आता अर्थ. रेघ डावीकडे जाते, कोपरा करते, उजवीकडे जाते, पुन्हा कोपरा. कोपरा हवाच. पुष्कळ ठिकाणी या शब्दाचा अर्थ 'नागमोडी' असा दिलेला सापडतो, पण नागाच्या चालीला कोपरे कुठले? तशा गोलाईनं वळत जाणाऱ्या रस्त्याला इंग्रजीत वाइंडिंग म्हणतात. झिगझॅगला आपला 'करवती' जास्त जवळचा. विदर्भातली करवतकाठी टसरची साडी आठवा, काठाला ओळीनं टोकदार दाते. (लग्नाच्या बस्त्यात पैठणीचा एवढा थाट, आणि या साडीची कुणाला आठवणसुद्धा होत नाही. ती उठावदार रंगसंगती आणि तो काठ! असो.) आणि शिवणात पिको करताना सुई डावी-उजवी नाचते, ती टीपही झिगझॅगच.

शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा तो लढाईत फार चाले. किल्ल्याला वेढा घालणारे सैनिक तटाकडे सरकताना चर तिरके, कोपरे करत खणायचे. सरळ चर खणला तर वरून आलेला एकच गोळा आख्खा चर साफ करणार.

पण मी हा शब्द घेतला तो बोरघाटासाठी. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आले होते. मधे उभा घाट. म्हणजे मुंबईचा माणूस खोपोलीला उतरणार, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढणार, आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसणार. सामानसुमान, पोरंबाळं, सगळ्यांसकट!

रेल्वेचे मुख्य इंजिनियर होते जेम्स बर्कली. घाटाची वाट शिंग्रोबा धनगरानं दाखवली असं आपल्याकडे सांगतात, जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळही आहे. वाट मिळाली, पण गाडीला वळायला ऐसपैस जागा लागते आणि कड्यावर ती नव्हती. मग काय केलं? वळायचंच नाही, असं ठरवलं. गाडी धापा टाकत चढायची आणि डोंगराच्या एका सोंडेवर येऊन थांबायची. समोर दरी. तिथं इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळावरून मागं आणायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा चढ चढू लागायची. शेवटचा डबा पहिला झाला! इंजिनाकडे तोंड करून बसलेल्यांची आता इंजिनाकडे पाठ. या जागेचं नाव रिव्हर्सिंग स्टेशन. कागदावर ते रूळ काढून बघा, दोन रेघा आणि मधे कोपरा. रेल्वेच्या भाषेत अशा मार्गाला झिगझॅगच म्हणतात.

चढ केवढा? दर ३७ फुटांना १ फूट. काम चालू असताना कंत्राटदार बदलले. सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेल यांनी, कंत्राट सोडलं नाही. देखरेखीला जाणती माणसं नेमली आणि काम तडीस नेलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. बाईंचं नाव घाटातल्या एखाद्या बोगद्याला द्यायला काय हरकत आहे, मला तरी कळत नाही.

पुढं नवे बोगदे झाले, मार्ग बदलला, ती उलटापालट संपली. कर्जतला मागून जादा इंजिनं मात्र आजही लागतात, तेवढ्यात आपला वडापाव होतो.

वेळ संपत आली, वापर भराभर सांगते. नाम म्हणून, अ झिगझॅग. विशेषण म्हणून, अ झिगझॅग लाइन. क्रियापद म्हणून, द पाथ झिगझॅग्स अप द हिल, म्हणजे वाट कोपरे घेत टेकडी चढते. आणि विद्यार्थ्यांनो, भूतकाळ लिहिताना शेवटचा जी दोनदा. झिगझॅग्ड, जी दोनदा.

पुढच्या मंगळवारी याच वेळी शेवरॉन हा शब्द घेऊ. घाटातल्या वळणांवर बाणांचे फलक असतात ना, त्या बाणांचं नाव. नमस्कार.