पाठीवरची ओळ

(पहाट. शहादा–प्रकाशा रस्ता. धुक्यात एका सायकलचा दिवा.)

डिसेंबरातली थंडी. प्रकाशाच्या पुलाखाली तापीवर धुकं साचलंय आणि ब्रेकवरची बोटं बधिर झालीत. रोज साडेपाचला मी इथून जाते. मागून उसाचा ट्रॅक्टर येतो, दूधवाले येतात, आणि पुढे जाता जाता सगळे माझी पाठ वाचतात. जर्सीवर ठळक अक्षरांत एकच ओळ आहे : ‘मी सिकलसेलची वाहक आहे, तुमची तपासणी झाली का?’

ही ओळ पाठीवर घेऊन मी हनोईहून होई अनला गेले. व्हिएतनाममधले सुमारे ८०० किलोमीटर, दहा दिवस, बावीस सायकलस्वार. रक्ताच्या आनुवंशिक आजारांबद्दल लोकांनी बोलावं, म्हणून निघालेली ही मोहीम होती.

(प्रयोगशाळा. काचेच्या नळ्यांचा स्टँड.)

शहाद्यात मला ‘लॅबवाल्या ताई’ म्हणतात. सातपुड्यातल्या आमच्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार घराघरांत पोचलाय. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी पडला की त्या वाकतात, कडक होतात, ज्वारी कापायच्या विळ्यासारख्या दिसतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं, सांधे, पोट असं दुखतं की मोठा माणूसही ओरडतो. थंडी वाजली, पाणी कमी प्यायलं, अति श्रम झाले की हे दुखणं उसळतं. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला माझ्यासारखी सायकल मारता येत नाही. वाहकाला, म्हणजे रक्तात हा दोष असूनही आजारी नसलेल्याला येते, फक्त पाणी सतत प्यावं लागतं.

पहिली तपासणी साधी आहे. बोट टोचून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, थोडं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. तो माणूस वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळतं. शिकत असताना आम्ही एकमेकींचं रक्त तपासलं होतं. माझ्या नळीमागच्या रेघा मला दिसल्या नाहीत.

त्यानंतर सात वर्षं मी ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नाही. दुसऱ्यांना रोज समजावत होते, आणि स्वतःचं तपासणीचं कार्ड कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. लग्न मोडेल म्हणून आई गप्प, मीही गप्प.

(खोक्यात भरलेली सायकल. अंगणात जमलेल्या बायका.)

सायकल विमानात न्यायची म्हणजे आधी सोडवायची. पुढचं चाक काढायचं, हँडल वळवायचं, टायरची हवा कमी करायची. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते सोडवताना भल्याभल्यांची फसगत होते. शेजारच्या काकू दाराशी बसून बघत होत्या. “इतली दूर कसाले जास व माय?” मी जर्सी उलगडून दाखवली. काकूंनी ती ओळ सावकाश वाचली आणि काही न बोलता घरात गेल्या. संध्याकाळी बिबड्यांचा डबा भरून आणला.

तिकिटाचे पैसे माझे. देणगीदारांनी मात्र किलोमीटरमागे पैसे कबूल केले होते. कुणी एक रुपया, कुणी पाच. ते थेट इथल्या तपासणी शिबिरांना गेले. सोबतच्या परदेशी मित्रांनाही द्यायचे होते, पण आमच्या छोट्या संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी नव्हती. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं. त्यांचं मन मोडताना फार वाईट वाटलं.

(हनोई. रिमझिम. स्कूटरची गर्दी.)

खोकं उघडलं तर गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर वाकलेला. रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकने तो पान्याने हळूहळू सरळ करून दिला, तेवढ्यात माझा निम्मा दिवस गेला. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर माझं डोकं चुकीच्या बाजूला वळायचं. जेवणाला ‘चाय’ हा शब्द कामी आला. त्यांच्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी. दुपारी भात, टोफू, पालेभाजी आणि सोबत काकूंचे बिबडे.

निन्ह बिन्ह, थान्ह होआ, विन्ह. दोन्हीकडे भाताची खाचरं, मधेच केळीच्या बागा. केळी दिसली की रावेर-यावल आठवायचं.

(निळा-पिवळा पूल. खाली संथ नदी.)

क्वांग त्रीमध्ये बेन हाई नदीवर हिएन लुओंग पूल आहे. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, ती १७व्या अक्षवृत्ताजवळ, या नदीवर. पुलाचा उत्तरेकडचा अर्धा भाग निळा, दक्षिणेकडचा अर्धा पिवळा. दोन्ही रंग जिथे मिळतात, तिथे आम्ही थांबलो.

गटातल्या हनोईच्या एका ताईने माझ्या पाठीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? पाच दिवस ती माझ्या मागे सायकल चालवत होती, आणि ती अक्षरं तिला येत नव्हती. दुभाषा मित्र जवळ आला. मी पुलाकडेच बोट केलं. आईकडून एक जनुक, वडिलांकडून एक. वाहकात एक निरोगी, एक सिकलचं. अर्धा निळा, अर्धा पिवळा. तो आजारी नसतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दर वेळी नव्याने चारात एक. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही.

तिने ऐकून घेतलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. थॅलेसेमिया, रक्ताचा असाच आनुवंशिक आजार. तीही वाहक. तिचंही सगळं असंच चालतं, चारात एक. ती म्हणाली, सासरी अजून सांगितलेलं नाही. आम्ही दोघी पुलावर बराच वेळ उभ्या होतो. बाकीचे पुढे गेले.

(हाय वान घाट. खाली समुद्र.)

हाय वान सुमारे ५०० मीटर उंच. २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून बहुतेक गाड्या खालून जातात. बोगद्यात सायकलला परवानगी नाही, म्हणून जुना घाट आमच्या वाट्याला निवांत आला. तोरणमाळच्या सातपायरी घाटात घाम गाळला होता, तो इथे उपयोगी पडला. घाट चढताना हनोईची ती ताई माझ्या पुढे होती.

(धडगाव. आठवडे बाजार. झाडाखाली टेबल.)

१ जुलै २०२३ ला देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ चं उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात. योजना आहे, औषध आहे. माझ्या अनुभवात सगळं अडतं ते सांगण्यापाशी.

आज टेबलासमोर एक बाप पोरीला घेऊन आलाय. चैत्रात लग्न आहे. खालच्या आवाजात म्हणतो, “ताई, तपासा, पण कार्डावर तिचं नाव लिहू नका.”

मी उठून पाठ त्याच्याकडे करते. तो ओळ वाचतो. पोरगीही वाचते.

“तुमचं लग्न झालं का ताई?” पोरगी विचारते.

“झालं. त्यांची तपासणी करूनच झालं.”

बाप थोडा वेळ पिशवीचे बंद हातात घोळवतो. मग पोरीला बाजूला सारून आधी स्वतःचं बोट पुढे करतो.